घर आणि शाळा : वर्गांतील नागरिक

मतदानाच्या दिवशीं आपल्या गांवचें हायस्कूल कसें दिसतें, हें बहुतेक वाचकांनीं पाहिलेलें आहे. बाक भिंतीकडे सरकविलेले असतात, कोपऱ्यांत पुठ्ठ्याचा आडोसा उभा असतो, आणि ज्या खोलींत दोन दिवसांपूर्वीं नागरिकशास्त्राचा तास झाला तेथेंच गांवांतील आबालवृद्धांपैकीं वृद्ध तेवढे रांग लावून राज्यकारभाराचा कौल देत असतात. पुढें बाक पूर्ववत् मांडले जातात आणि त्याच खोलींत मुलांना पुन्हां बजावण्यांत येतें कीं, विचारल्याखेरीज बोलूं नका. एकाच छपराखालीं दिसणाऱ्या ह्या दोन देखाव्यांचा परस्परांशीं कांहीं संबंध आहे काय, ह्याचा विचार ह्या महिन्यांत करावयाचा आहे.

लहान गांवांत हायस्कूल ही केवळ शिकण्याची जागा नसते. व्याख्यानें होतात तीं बहुधा तिच्याच पटांगणांत, आणि पूर आला तर लोकांना आसरा मिळतो तोहि तेथेंच. अशा शाळेंतील विद्यार्थी गांवाच्या फार निकट असतो. नळाला पाणी किती वाजतां येतें, नगरसेवक कोण, घंटागाडी कोणत्या गल्लींत जात नाहीं, हें सर्व त्याला ठाऊक असतें. तेव्हां उणीव माहितीची नाहीं; ह्या गोष्टींशीं आपला कांहीं जबाबदारीचा संबंध आहे, ह्या जाणिवेची आहे.

ही जाणीव पाठ्यपुस्तकानें उत्पन्न होईल अशी आपण आशा बाळगतों. १९७६ सालीं ४२ व्या घटनादुरुस्तीनें राज्यघटनेंत नागरिकांचीं दहा मूलभूत कर्तव्यें घालण्यांत आलीं. २००२ सालीं त्यांत अकराव्याची भर पडली. हुशार मुलगा तीं घडाघडा म्हणून दाखवितो. परंतु शाळा त्याला अधिकाराची जी पहिली जागा देते ती कोणती? वर्गप्रमुखाची. गुरुजी बाहेर गेले असतां बोलणाऱ्यांचीं नांवें फळ्यावर लिहावीं, हें त्याचें मुख्य काम. त्याला नेमतात शिक्षक, तो जबाब देतो शिक्षकांना, आणि वर्ग त्याला हेर समजतो. ज्यांच्यावर अधिकार चालवावयाचा त्यांना हिशेब देण्याचें कारण नाहीं, हा धडा तो तेराव्या वर्षीं शिकतो, आणि पुढें कचेरींत खुर्ची मिळाली म्हणजे तोच गिरवितो.

याहून निराळी रीत आपल्याकडे नव्हती असें नाहीं. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. वसतिगृह त्यांच्याकडे आलें तेव्हां मुलांच्या अव्यवस्थित खोल्या ते स्वतः नीटनेटक्या करीत. विद्यार्थ्यांसाठीं ते ‘छात्रालय दैनिक’ नांवाचें हस्तलिखित दैनिकहि चालवीत. खोली कोणी आवरली हें कळल्यावर ज्याला संकोच वाटतो, तो दुसऱ्या दिवशीं झाडू स्वतः हातीं घेतो. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनीं १९२४ सालीं वसतिगृह काढलें, तेथें निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहत आणि श्रमाचीं कामें आपसांत वांटून घेत. ह्या दोन्ही ठिकाणीं जबाबदारी हा व्याख्यानाचा विषय नव्हता. जागा ज्यांची, काम त्यांचें, इतका साधा तो व्यवहार होता.

आजच्या शाळेंत हें कसें आणावें? वार्षिक स्नेहसंमेलनाचेंच उदाहरण घ्या. वर्गणी मुलें देतात. पण किती जमली, मंडपाला किती गेले, खाऊला किती, शिल्लक किती, ह्याचा पत्ता कित्येक शाळांतून त्यांना लागत नाहीं. आठवी-नववीच्या पांच मुलामुलींची समिति गुप्त मतदानानें निवडावी. पावत्या तिनें सांभाळाव्या, आठ दिवसांच्या आंत जमाखर्च सूचनाफलकावर लावावा, आणि सर्व मुलांसमोर उभें राहून प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं. मंडपवाल्याला दोनशे रुपये अधिक कां दिले, असें सहावींतल्या एखाद्या पोरानें विचारलें आणि नववींतल्या मुलीला त्याचें उत्तर द्यावें लागलें, म्हणजे लोकशाहीचा निम्मा अभ्यासक्रम पुरा झाला असें समजावें.

दुसरें उदाहरण शाळेच्या फाटकासमोर तुंबलेल्या गटाराचें. त्यावर निबंध लिहविण्यापेक्षां नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांस मुलांकडून रीतसर अर्ज लिहवावा. अर्ज नेऊन द्यावा, त्याची पोहोच घ्यावी, आणि पंधरा दिवसांत कांहीं न झाल्यास स्मरणपत्र धाडावें. त्याच वेळीं शाळेंतला कचरा त्या गटारांत जात नाहीं ना, हेंहि पाहावें; कारण मागणें आणि करणें हीं एकाच नागरिकत्वाचीं दोन अंगें आहेत.

ह्यांत दोन पथ्यें पाळलींच पाहिजेत. झाडू मुलींच्या हातीं आणि अध्यक्षपद मुलांकडे, किंवा स्वच्छतेचें काम ठराविक जातींच्या मुलांवर आणि सूत्रसंचालन इतरांकडे, अशी वांटणी झाली तर शाळा समाजाचा जुना रोगच शिकवील. दुसरें पथ्य शिक्षकांचें. समितीचा हिशेब पन्नास रुपयांनीं चुकेल. तो चुकूं द्यावा, आणि चूक मुलांनाच शोधूं द्यावी. शिक्षकांनीं प्रत्येक आंकडा आधींच तपासून दिला तर समिति हें एक सोंग होईल, आणि सोंग ओळखण्यांत मुलें फार तरबेज असतात.

निवडणूक आली कीं शाळेंत राजकारण शिरेल, अशी शंका कोणी काढील. ही भीति अगदींच निराधार नाहीं. महाविद्यालयीन निवडणुकांतील दंगाधोपा पाहूनच महाराष्ट्रांत १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानें त्या बाजूस सारून गुणानुक्रमें प्रतिनिधि नेमण्याची पद्धति आणिली. परंतु ज्याला अधिक गुण तो इतरांचा प्रतिनिधि, ह्यांत प्रतिनिधित्वाचा अर्थच हरवतो, आणि २०१६ च्या कायद्यास निवडणुकीला पुन्हां जागा द्यावी लागली. दंगाधोप्यावर खरा उपाय निवडणूक टाळणें हा नसून, निवडून आलेल्यास हिशेब द्यावयास लावणें हा आहे. ज्या पदाबरोबर हिशेबाची वही येते त्या पदासाठीं मारामारी करावयास फारसें कोणी धांवत नाहीं.

आतां थोडें आपल्या घरांविषयीं. सुशिक्षित घरांतून विद्येची आस्था मोठी. पण त्या आस्थेपोटींच एक वाक्य सर्रास ऐकूं येतें : ‘तूं फक्त अभ्यास कर, बाकीचें आम्ही पाहूं.’ त्यामागची माया खोटी नाहीं. परंतु हें ‘बाकीचें’ म्हणजे शेजारी, रस्ता, पाणी, शाळा आणि गांव. समितीचें काम आलें कीं आई वर्गशिक्षकांना चिठ्ठी पाठविते, कीं शिकवणी बुडते, त्याला वगळावें. त्या चिठ्ठीनें अभ्यासाचा एक तास वांचतो खरा. पण इतरांच्या श्रमावर आपण मोठें व्हावयाचें, हेंहि त्याच चिठ्ठींत मुलाला वाचावयास मिळतें.

शिवाय ह्या कामाला काळ फार थोडा आहे. मतदानाचें वय १९८९ पासून अठरा वर्षें झालें, आणि २०२२ पासून सतराव्या वर्षींच मतदारयादीसाठीं आगाऊ अर्ज करतां येतो. म्हणजे शालान्त परीक्षा आणि मतदानाचा हक्क ह्यांत अवघ्या दोन-तीन वर्षांचें अंतर. त्यांतून आपलीं मुलें पुढें पुण्यास, मुंबईस, कित्येक परदेशीं जातात. ज्या गांवानें त्यांना वाढविलें त्याचे रहिवासी म्हणून त्यांच्या हातीं असलेलीं जाणतीं वर्षें हायस्कुलाचींच. नंतर तीं गांवाकडे येतात तीं पाहुणीं म्हणून. तीं वर्षें केवळ उत्तरपत्रिकांत गेलीं तर गांवाच्या वांट्यास काय उरलें?

राज्यघटनेंतील तें अकरावें कर्तव्य पालकांचें आहे : सहा ते चौदा वर्षांच्या पाल्यास शिक्षणाची संधि देणें. फी भरून आणि शिकवणी लावून तें पुरें झालें असें आपण मानतों. ह्या महिन्यांत मुलगा किंवा मुलगी चांचणीचे गुण घेऊन घरीं आली म्हणजे आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : शाळेंत तुझ्याकडे कोणतें काम आहे, आणि त्याचा हिशेब तूं कोणाला देतोस? ‘कांहीं नाहीं’ असें उत्तर आलें, तर पुढच्या पालकसभेस जातांना आपणांस मुख्याध्यापकांशीं काय बोलावयाचें आहे, हें ठरलेंच.