डोमिसाइल काढलंस का?

बारावीचा निकाल जवळ आला की घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो, 'डोमिसाइल काढलंस का?' सेतू केंद्राच्या रांगेत तोच, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही तोच. पॅन काढलं, आधार काढलं, तसं डोमिसाइल काढलं. हे एका कागदाचंच नाव आहे, असं आपण धरून चाललोय. कायद्याच्या पुस्तकात मात्र डोमिसाइल काढावं लागत नाही. ते तुमच्याकडे जन्मापासून असतं.

शब्द लॅटिन आहे. 'डोमस' म्हणजे घर. 'डोमेस्टिक' त्यातूनच आला. आपल्या 'दंपती'मधला 'दम्' हाही याच कुळातला, अर्थही घर असाच. तुमचं कायमचं घर जिथे आहे असं कायदा मानतो, तो प्रदेश म्हणजे तुमचं डोमिसाइल. जन्मतः ते सहसा वडिलांचं मिळतं. पुढे बदलायचं तर दुसरीकडे नुसतं राहून भागत नाही, तिथेच कायम राहायचा इरादाही लागतो. डोमिसाइलच नाही असा माणूस कायद्याला ठाऊकच नाही. (आपल्या १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात लग्नानंतर बायकोचं डोमिसाइल नवऱ्याचं होतं, असं आजही लिहिलेलं आहे. मुलींनो, कधीतरी वाचून बघा.)

इरादा किती महत्त्वाचा? विल्यम विनान्स नावाचा एक गडगंज अमेरिकन १८६०मध्ये इंग्लंडला आला आणि १८९७मध्ये तिथेच वारला. सदतीस वर्षं! सरकारने त्याच्या संपत्तीवर कर मागितला. १९०४मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की हा माणूस इंग्लंडचा कधी झालाच नाही. तब्येतीसाठी तो तिथे राहिला, मन अमेरिकेतच होतं. सिगारच्या आकाराची जहाजं बांधून इंग्रजांच्या समुद्री व्यापारावर मात करायची, हे त्याचं स्वप्न होतं.

आता आपल्या तहसील कार्यालयात या. दाखल्याचं नाव भारदस्त आहे, 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र'. पण तिथे इरादा कुणी विचारत नाही. विचारतात ते १५ वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे. शाळेचा दाखला, रेशनकार्ड, लाइटबिल. म्हणजे मोजला जातो तो रहिवास, आणि शिक्का बसतो डोमिसाइलचा.

हा घोळ जुना आहे. दिल्लीच्या डी. पी. जोशी नावाच्या विद्यार्थ्याला इंदूरच्या मेडिकल कॉलेजात बाहेरचा म्हणून जादा फी भरावी लागली आणि तो सुप्रीम कोर्टात गेला. १९५५मध्ये तो हरला. नियमातलं डोमिसाइल म्हणजे रहिवासच, असं कोर्टाने बहुमताने मानलं. १९८४च्या प्रदीप जैन खटल्यात मात्र कोर्टाने स्पष्ट सांगितलं, की भारतात डोमिसाइल एकच, ते भारताचं. राज्यांनी हा शब्द वाटेल तसा वापरू नये. २९ जानेवारी २०२५ला तेच पुन्हा सांगत कोर्टाने मेडिकलच्या पदव्युत्तर प्रवेशातलं रहिवासावरचं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. एमबीबीएसला ते काही प्रमाणात चालतं. (गोव्याची गंमत वेगळी. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, त्यामुळे वारसाहक्कापुरतं 'गोव्याचं डोमिसाइल' २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानेच मानलं.)

राज्याच्या पैशातून उभ्या राहिलेल्या कॉलेजात इथल्या मुलांसाठी काही जागा ठेवायला आमची हरकत नाही. हरकत नावाला आहे. दाखल्यावर सरळ 'पंधरा वर्षांचा रहिवास' असं लिहा ना! कारण फॉर्मवरचा शब्द फॉर्मवर थांबत नाही. 'तुझं डोमिसाइल कुठलं?' या प्रश्नाचा अर्थ हळूहळू 'तू आपला की परका?' असा व्हायला लागतो. वास्तविक तीस वर्षं धारावीत राहणाऱ्या तमिळ घरातल्या मुलीला हा दाखला मिळतो आणि इंदूरला वाढलेल्या मराठी मुलाला मिळत नाही. म्हणजे भाषेशीही त्याचा संबंध नाही.

खरा फटका बसतो तो कागद नसलेल्यांना. आईवडील बांधकामाच्या साइटबरोबर गाव बदलत राहिले, घरमालकाने कधी भाडेकरार केलाच नाही, अशा घरातली मुलगी खिडकीपाशी उभी राहते आणि तिला ऐकवलं जातं, 'तुझं डोमिसाइल होत नाही.' जन्म इथला, शाळा इथली. कमी पडतात ते पुरावे, पण तिला ऐकू येतं ते 'तुझं घर इथे नाही' असंच.

तुमच्यावर अशी वेळ आली तर खिडकीवरून मागे फिरू नका, आधी प्रवेशाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. इंजिनिअरिंगच्या 'टाइप ए'मध्ये दहावी-बारावी राज्यातून झाली असेल, तर डोमिसाइलऐवजी महाराष्ट्रात जन्म झाल्याचा पुरावाही चालत आला आहे. 'टाइप बी'मध्ये आई किंवा वडिलांचं डोमिसाइल चालतं. आणि उद्या परदेशी विद्यापीठाच्या फॉर्मवर 'कंट्री ऑफ डोमिसाइल' असा रकाना दिसला, तर तिथे भारत लिहायचं. दोन वर्षं शिकायला गेलात म्हणून ते बदलत नाही.