औषधांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे?

माझी मोठी मावशी तीस वर्षे प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होती. गोळी कधी द्यायची, कशी द्यायची, बाईच्या हातात पुडी ठेवताना तिला काय सांगायचे, हे तिने निम्म्या तालुक्याला शिकवले. आज ती पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात राहते. (संस्था स्वतःला वृद्धाश्रम म्हणवत नाही, 'असिस्टेड लिव्हिंग' म्हणते. महिन्याचा आकडा ऐकला की फरक कळतो.) गेल्या दिवाळीत भेटायला गेले, तर फराळाचा डबा उघडण्याआधीच तिने गाऱ्हाणे मांडले. "अगं, माझी थायरॉइडची गोळी नाश्त्याबरोबर देतात. ती उपाशीपोटी घ्यायची असते, असं मी सांगितलं तर ती पोरगी म्हणते, 'आजी, तुम्ही नका डोक्याला त्रास करून घेऊ.' बाटली कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली ऑफिसात!"

आपल्याकडे घरच्या किल्ल्यांचा जुडगा सासूच्या कमरेवरून सुनेच्या कमरेला जायला अर्धे आयुष्य लागते. औषधांची किल्ली मात्र प्रवेशअर्जावरच्या एका सहीने जाते. ती सहीसुद्धा बहुधा मुलाची किंवा जावयाची असते.

कुलूप असू नये असे मला म्हणायचे नाही. मावशीच्या शेजारच्या खोलीत एक आजी आहेत, त्यांना विस्मरणाचा आजार आहे. दुसऱ्यांच्या खोल्यांत जाऊन हाताला लागेल ते त्या तोंडात टाकतात. मधुमेहाच्या दुसऱ्या कोणाच्या गोळ्या त्यांनी खाल्ल्या तर साखर एकदम उतरून जीवावर बेतेल. म्हणून कुलूप हवेच. पण एका आजींना विसर पडतो म्हणून वीसजणींच्या हातून आपापली औषधे काढून घेणे ही सुरक्षितता नाही, ती व्यवस्थापनाची सोय आहे. शिवाय काही औषधे कुलपात असणेच धोक्याचे. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, दम्याचा पंप ही उशाशीच हवीत. रात्री दोन वाजता किल्ली असलेला माणूस शोधायचा कोणी?

आणि त्या कुलपाआड तरी काय असते? मी आग्रह धरून ते कपाट पाहिले. पश्चिमेच्या खिडकीखाली, दुपारभर ऊन खाणारे. कातरलेल्या स्ट्रिप्स, त्यातल्या कित्येकींवरचा एक्स्पायरीचा कोपराच कापून गेलेला. घरून आणलेली रक्तदाबाची गोळी आणि संस्थेच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी एका डब्यात शेजारी शेजारी. औषध तेच, कंपन्यांनी ठेवलेली नावे वेगळी. दोन्ही दिल्या की डोस दुप्पट, आणि सकाळी न्हाणीघरात चक्कर. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे असते. तिथे ते फ्रिजमध्ये होते खरे, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून. गोठलेले इन्शुलिन टाकूनच द्यावे लागते. हे कोणाला माहीत असायला हवे होते?

माहीत असायला हवे होते त्या सेविकेला, असे संस्थेचे उत्तर. ही सेविका बारा बारा तासांची पाळी करते. नववीत शाळा सुटलेली, मराठवाड्यातून आलेली, एजन्सीमार्फत लागलेली. दुपारीच ती रात्रीच्या गोळ्या स्टीलच्या वाट्यांत काढते, वाटीत नावाची चिठ्ठी टाकते, आणि पंख्याने चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून पंखा बंद करून घामाघूम बसते. गोळ्या ती रंगावरून ओळखते. कंपनी बदलली की रंग बदलतो. स्ट्रिपवरची अक्षरे इंग्रजी आणि मुंगीएवढी. औषध देण्याचे प्रशिक्षण तिला कोणीही दिलेले नाही. संधिवाताच्या एका आजींना मेथोट्रेक्सेट आहे. ही गोळी संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज दिली गेली तर माणूस दगावू शकते. वाटीतल्या चिठ्ठीवर 'सोमवार' लिहायची युक्ती या मुलीची स्वतःची. तिचे कौतुक सोडा, चूक झाली तर नोकरी जाईल ती तिचीच. म्हणून हा प्रश्न 'आजी विरुद्ध आया' असा मांडायला मी तयार नाही. कपाटाच्या दोन्ही बाजूंना बायकाच आहेत, एकीला हक्क नाही आणि दुसरीला मोबदला नाही.

आता रात्रीच्या गोळीविषयी. मावशीच्या वाटीत एक छोटी गोळी होती, ती कशाची हे मावशीलाही सांगितलेले नव्हते. कागद पाहिला तेव्हा कळले, अल्प्राझोलम. झोपेसाठी. मावशीने झोपेची तक्रार कधी केलीच नव्हती. ती रात्री उठून व्हरांड्यात फिरते, एवढेच. रात्रपाळीला एकच बाई असते. फिरणाऱ्या म्हाताऱ्या तिला कशा झेपणार? या जातीच्या औषधांनी उतारवयात तोल जातो, माणसे पडतात, खुबा मोडतो. म्हणूनच वृद्धांना ती शक्यतो देऊ नयेत असे वृद्धारोग तज्ज्ञ सांगतात. विस्मरणाच्या रुग्णांना गप्प ठेवण्यासाठी मनोविकारांवरची औषधे दिली जातात, त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला आहे.

हे वाचताना जुन्या मैत्रिणींना १९९४ आठवेल. शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या, तेव्हाच्या भाषेत 'मतिमंद' म्हटल्या जाणाऱ्या मुलींची गर्भाशये पुण्यात काढली गेली. कारण दिले होते स्वच्छतेचे, त्यांच्याच भल्याचे. आपण विचारले होते, हे मुलींच्या भल्याचे की सांभाळणाऱ्यांच्या सोयीचे? नेट-एन इंजेक्शनच्या विरोधात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात जातानाही मुद्दा तोच होता, की बाईला न सांगता, न विचारता तिच्या शरीरात काही घालू नका. तेव्हा त्या मोर्च्यांत असलेल्या कितीजणी आज सत्तरी ओलांडलेल्या आहेत! आपल्या हाती येणाऱ्या वाटीत काय आहे, हे त्यांना विचारता येऊ नये?

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातले कलम १९ निराधार वृद्धांसाठीच्या वृद्धाश्रमांविषयी आहे. त्यांत वैद्यकीय सेवेचा दर्जा काय असावा, हे राज्य सरकार ठरवू शकते असे त्यात म्हटले आहे. 'शकते' हा शब्द लक्षात घ्या. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम घालून दिले. त्यांत लिफ्ट आहे, रॅम्प आहे, दारांची रुंदी आहे. चांगलेच आहे. पण दारातून आत गेल्यावर गोळ्यांचे काय?

माझ्या मते आपल्या गटांनी भेट द्यायला जाताना केळी आणि बिस्किटांबरोबर काही प्रश्नही न्यावेत. जिला झेपते तिला स्वतःची औषधे ठेवायला कुलपाचा छोटा खण आणि त्याची किल्ली मिळते का? झेपते की नाही हे कोण ठरवते, आणि दर काही महिन्यांनी पुन्हा पाहते का? प्रत्येकीच्या औषधांचा मराठीत लिहिलेला तक्ता तिच्या खोलीत आहे का? २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या पुरुषांपैकी ५९ टक्के साक्षर होते, स्त्रियांपैकी फक्त २८ टक्के. म्हणजे तक्ता वाचूनही दाखवावा लागेल, सूर्य-चंद्राची चित्रे काढावी लागतील. गोळी स्ट्रिपमधून त्या त्या वेळीच, बाईच्या समोर काढली जाते का? झोपेची गोळी सुरू करताना कोणाची संमती घेतली? आणि देणाऱ्या सेविकेला प्रशिक्षण नि त्याचा वेगळा पगार आहे का? मी तीन संस्थांत विचारले. दोन ठिकाणी हसले, तिसरीकडे "मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात का?" असे विचारले.

थायरॉइडची बाटली आता मावशीच्या उशाशी आहे. सहा वाजता गजर लावून ती स्वतः गोळी घेते आणि सातला चहा. झोपेची गोळी मात्र एकदम थांबवता येत नाही, हळूहळू कमी करावी लागते, हे तिनेच मला सांगितले. त्यासाठी डॉक्टर पुढच्या बुधवारी येणार आहेत. "तू ये," ती म्हणाली, "पण बोलणार मीच."