मरुभूमींतील पाठशाळा

गेल्या मार्गशीर्षांत एका सायंकाळीं आमच्या ओसरीवर एक वाद निघाला. त्याचा निकाल लागावयास चैत्र उजाडावा लागला. असाच वाद, निराळ्या रूपानें कां होईना, अनेक वाचकांच्या घरीं होत असेल, या समजुतीनें या महिन्याच्या सदरांत तोच विषय घेत आहें.

आमची नात वैद्यकाच्या तिसऱ्या वर्षांत शिकते. सुटींत घरीं आली असतां तिनें एक पत्रक माझ्या हातीं ठेवलें. जेसलमेरच्या पलीकडे वाळवंटांत पांच दिवस उंटांच्या तांड्याबरोबर पायीं चालावयाचें, रात्रीं उघड्यावर निजावयाचें, आणि जेथें इस्पितळ नाहीं, वीज नाहीं, तेथें आजाऱ्याचे प्राण कसे राखावे हें बरोबरच्या डॉक्टरांकडून शिकावयाचें, असा त्यांतील मजकूर होता. आमच्या मंडळींनीं वाती वळतां वळतां हें सारें ऐकलें आणि त्या म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? पदरचे पैसे मोजून वाळूंत तहानलेलं फिरायचं म्हणे! ऊनच खायचं असेल, तर आपल्या वर्ध्याला तें काय विकत घ्यावं लागतं?"

सगळीं हसलीं. पण त्या प्रश्नानें त्या रात्रीं माझी झोंप उडविली. त्याचें कारण आजवर मीं कोणास सांगितलें नव्हतें. तें आतां सांगणें प्राप्त आहे.

१९८८ सालची गोष्ट. आर्वी तालुक्यांतील एका खेड्यांत मी शिक्षक होतों. वार्षिक परीक्षेचे दिवस होते. सातवींतला एक मुलगा दोन कोसांवरून पायीं येई. त्या दिवशीं पेपर संपल्यावर भर दुपारीं तो घरीं निघाला आणि गांवकुसाबाहेर वाटेंतच कोसळला. लोकांनीं त्याला उचलून शाळेंत आणलें. अंग तव्यासारखें तापलेलें, त्वचा कोरडी, आणि तोंडानें कांहींबाही बरळणें चाललेलें. आम्ही त्याला एका खोलींत निजविलें. झळ लागूं नये म्हणून दारें-खिडक्या लावून घेतल्या. भोंवतीं पंधरा-वीस माणसें जमलीं. कोणी कांदा फोडून नाकाशीं धरला. मीं स्वतः त्याच्या मिटलेल्या दांतांतून पन्ह्याचे दोन चमचे आंत ओतले. मग जीप येण्याची वाट पाहत आम्ही तास-दीड तास बसून राहिलों. तालुक्याच्या वाटेवर मुलानें प्राण सोडला.

शाळेची विहीर त्या खोलीपासून तीस पावलांवर होती, आणि विहिरीला पाणी होतें. त्या मुलाच्या अंगावर एक बादली ओतावी हें आम्हां शिकल्यासवरल्या माणसांपैकीं एकालाही सुचलें नाहीं. त्याच्या बापानें दोष तर दिला नाहींच, उलट हात जोडून तो म्हणाला, "गुरुजी, तुमी लय धावपळ केली जी." तें वाक्य अजून माझ्या कानांत आहे.

उष्माघात म्हणजे काय, हें मला पुष्कळ वर्षांनीं वाचून कळलें. शरीराची उष्णता ४० अंश सेल्सियस, म्हणजे १०४ अंश फॅरनहाइटच्या वर चढते आणि मेंदूचा तोल जातो. मनुष्य बरळतो, त्याला झटके येतात, शुद्ध हरपते. अशा वेळीं तापाच्या गोळीचा कांहीं उपयोग होत नाहीं, कारण हा ताप जंतूंचा नव्हे. उपाय एकच: रोग्याला सावलींत घेऊन, कपडे सैल करून, सर्वांगावर पाणी ओतावें आणि जोरानें वारा घालावा, बर्फ मिळाल्यास मान, कांखा व जांघा येथें ठेवावा. पहिल्या अर्ध्या तासांत जें होईल त्यावर प्राण अवलंबून असतो. म्हणून आधीं अंग निववावें, मग वाहन शोधावें. आणि वाहनांतही पाणी व वारा चालूच ठेवावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत मात्र थेंबही घालूं नये, कारण तो श्वासनलिकेंत उतरतो. म्हणजे मीं जें केलें तें चुकलें, आणि जें करावयाचें होतें तें राहिलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं सुश्रुतसंहिता काढली. सूत्रस्थानांत 'योग्यासूत्रीय' नांवाचा एक अध्याय आहे. योग्या म्हणजे हातानें करावयाचा अभ्यास. सर्व शास्त्र मुखोद्गत असलेल्या शिष्याकडूनही गुरूनें कोहळा, भोपळा, काकडी अशा फळांवर छेदनाचा सराव करून घ्यावा आणि मनुष्याकृति बाहुल्यावर पट्ट्या बांधवून घ्याव्या, असें तेथें सांगितलें आहे. ज्याचें शास्त्र पक्कें पण हात कच्चा, असा वैद्य रोग्यासमोर येतांच, भित्रा मनुष्य रणांगणावर गांगरतो तसा गांगरतो, असेंही सुश्रुताचार्यांनीं बजाविलें आहे. तें वाचून मला ती बंद खोली आठवली.

मंडळींच्या समाधानासाठीं चरकाचाही आधार निघाला. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायांत आरोग्यदायक देशांमध्यें मरुभूमि श्रेष्ठ गणली आहे. त्यावर त्यांनीं उत्तर दिलें, "चरकाच्या घरची नात गेली नव्हती!" पुढें बोलावयास जागा राहिली नाहीं.

तथापि मीं विचार सोडला नाहीं. साधनें हाताशीं नसतां करावयाचें वैद्यक हें दुय्यम प्रतीचें वैद्यक, अशी आपली एक समजूत आहे. ती खोटी आहे. १९७१ सालीं पूर्व बंगालांतून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकीची सांथ उसळली आणि शिरेवाटे द्यावयाचें सलाईन संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनवीस यांनीं साखर व मीठ पाण्यांत कालवून तें लोकांच्या हातीं दिलें. मृत्यूचें प्रमाण शेंकडा तिसांच्या आसपास होतें, तें चारांच्या खालीं आलें. आज घरोघरीं ठाऊक असलेली जलसंजीवनी जगानें मान्य केली, ती अशा अनुभवांतून.

आपल्या महाराष्ट्रांतील उदाहरण डॉ. हिंमतराव बावस्कर यांचें. कोंकणांत महाडच्या परिसरांत लाल विंचवाच्या दंशानें धडधाकट माणसें हृदय थकून मरत. बावस्करांनीं रोग्यांच्या उशाशीं बसून विषाची चाल टिपली आणि रक्तदाबावरील प्राझोसिन या स्वस्त औषधाचा उपयोग ओळखला. त्यांचा निबंध १९८६ सालीं विलायतेच्या 'लॅन्सेट'मध्यें छापला गेला, आणि २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. मोठ्या शहरांतील प्रयोगशाळेंत असते तर त्यांना तो रोगी दिसताच ना.

आणि वर्ध्यास ही दृष्टि परकी कशी म्हणावी? गांधीजी १९३६ सालच्या एप्रिलअखेरीस, ऐन उन्हाळ्यांत, शेगांवीं राहावयास गेले. तेंच पुढें सेवाग्राम झालें. बापूकुटींत साप न मारतां धरून दूर सोडण्यासाठीं ठेवलेला लांकडी चिमटा व पेटी आजही पाहावयास मिळते. गांधीजींच्या वैद्य डॉ. सुशीला नायर यांनीं १९६९ सालीं तेथेंच वैद्यकीय महाविद्यालय काढलें, आणि तेथील विद्यार्थ्यांस आरंभीं आश्रमांत व नंतर खेड्यांत शिबिरासाठीं राहावें लागतें. अमेरिकेंत रानावनांतील वैद्यकाला वाहिलेली संस्था १९८३ सालीं निघाली. आपल्याकडे कल्पना त्याआधींची आहे.

तरीही केवळ मौजेला विद्येचें नांव देऊन पैसे उकळणारे लोक कमी नाहींत. म्हणून मीं नातीला तीन प्रश्न घातले. शिकविणारे कोण, आणि त्यांनीं स्वतः अशा ठिकाणीं रोगी तपासले आहेत काय? तांड्यांतील एखादा खरोखरच आजारी पडला, तर जवळचें इस्पितळ किती अंतरावर आणि न्यावयाची सोय काय? आणि तूं परत येऊन ही विद्या कोणाला देणार? पहिल्या दोहोंचीं उत्तरें तिनें पत्रें लिहून मिळविलीं. तीं समाधानकारक होतीं. तिसऱ्यास ती म्हणाली, "आजोबा, पहिला पाठ आपल्या ओसरीवर देईन." मग मीं तिला तो १९८८ सालचा प्रसंग सांगितला. मंडळीही ऐकत होत्या. त्या उठून आंत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांनीं प्रवासासाठीं लाडू वळावयास घेतले.

पौषांत ती जाऊन आली. राजस्थानांत फलोदी येथें १९ मे २०१६ रोजीं ५१ अंश उष्णता नोंदली गेली होती. पण पौषांत तेथें दिवस सौम्य आणि रात्री कडाक्याच्या थंड. तिनें सांगितलेल्या सर्व गोष्टी येथें देणें शक्य नाहीं, दोन-चार सांगतों.

पहिला धडा पाण्याचा. 'पाणी नव्हे, घाम जपा,' असें त्यांस शिकविलें. पाणी उरवून ठेवण्याच्या नादांत मनुष्य भांडें भरलेलें असतां कोसळतो. म्हणून सकाळीं व संध्याकाळीं चालावें, दुपारीं सावलींत थांबावें, अंग झांकून घ्यावें, आणि तहान लागतांच प्यावें. लघवीचा रंग गडद झाला कीं शरीर पाणी मागत आहे असें समजावें.

दुसरा धडा सापाचा. थंडींत साप दिसले नाहींत, पण शिक्षण झालें. तेथील लोकांत 'पीवणा' सापाची दंतकथा आहे, कीं तो रात्रीं निजलेल्याच्या छातीवर बसून श्वास पिऊन जातो. खरी गोष्ट अशी, कीं तो आपल्या मण्यारीच्या जातीचा आहे. त्याचा दंश फारसा दुखत नाहीं, दांतांची खूण दिसत नाहीं, आणि पहाटेपर्यंत पापण्या जड होऊन श्वासाचे स्नायु लुळे पडतात. आपल्या शेतावर जमिनीवर निजणाऱ्यांसही हाच धोका. फुरसें वा घोणस चावली असेल, तर कांचेच्या स्वच्छ, कोरड्या नळींत थोडें रक्त घेऊन वीस मिनिटें न हलवितां ठेवावें आणि मग नळी कलती करावी. रक्त गोठलें नसल्यास विष अंगांत भिनलें, असें डॉक्टर ताडतात. एका कांचेच्या नळीनें एवढें कळतें! आपण मात्र चिरा देणें, चोखणें, दोरी आवळणें यांपैकीं कांहींही करूं नये. चावलेला अवयव फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा आणि प्रतिविष असलेल्या इस्पितळाची वाट धरावी. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत येत नाहीं.

तिसरा धडा निर्णयाचा. दोन काठ्या व दोन सदरे यांची डोली करतां येते. पण रोग्याला उचलून न्यावें, कीं तेथेंच थांबवून मदत आणवावी, हें ठरविणें अधिक अवघड. तिला यासाठीं दिलेल्या सोंगाच्या प्रसंगांत ती दोनदां चुकली. "पण आजोबा, तिथं चुकलें तें बरं झालं," असें ती म्हणाली. तें मला फार पटलें. आम्हांला चुकावयास दुसरी संधि मिळाली नव्हती.

वाटेंत तिला खेजडीचे वृक्ष लागले. ती म्हणजे आपली शमी, जिची आपण दसऱ्यास पूजा करतों. तेथें ती गुरांना चारा आणि माणसांना शेंगा पुरविते. पालीवाल ब्राह्मणांनीं बांधलेले खडीनही तिनें पाहिले. उतारावरून वाहून येणारें पावसाचें पाणी मातीच्या बांधानें अडवावयाचें, तें जमिनींत मुरूं द्यावयाचें, आणि त्या ओलीवर रबीचें पीक काढावयाचें, अशी ती युक्ति आहे. राजस्थानच्या या जलविद्येवर 'राजस्थान की रजत बूँदें' हा ग्रंथ लिहिणारे अनुपम मिश्र यांचा जन्म १९४८ सालीं आमच्या वर्ध्यांत झाला होता, हें मीं तिला सांगितलें, तेव्हां तिला मोठी मौज वाटली.

चैत्रांत आमच्या घरीं गौरीचें हळदीकुंकू झालें. डाळ व पन्हें झाल्यावर मंडळींनीं स्वतःच जमलेल्या बायकांना थांबवून घेतलें. नातीनें शेजारच्या मुलाला ओसरीवर निजविलें आणि उष्माघातांत काय करावें हें दाखविलें. पाण्याची कळशी आमच्या मंडळींनींच आणली आणि मुलाच्या अंगावर निःशंक ओतली. मुलानें ओरडून घर डोक्यावर घेतलें, पण पाठ सर्वांच्या लक्षांत राहिला. जुलाबांवरील पाण्याचें प्रमाणही सर्वजणींनीं पाठ केलें: एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. वादाचा निकाल तो असा लागला.

आपल्या घरचीं मुलें-मुली अशा वाटेनें जाऊं म्हणतील, तर त्यांना वर सांगितलेले तीन प्रश्न अवश्य विचारा. उत्तरें नीट मिळालीं तर जाऊं द्या. पांच दिवसांत कोणी धन्वंतरि होत नाहीं, हें खरें. पण पुस्तकांतील विद्या हातांत उतरावयास घरच्या गादीवर निजून चालत नाहीं. आणि ज्यांना जाणें शक्य नाहीं, त्यांनीं नवतपा सुरू होण्यापूर्वीं एवढें तरी घरांतील प्रत्येकास शिकवून ठेवावें. आपल्या जिल्ह्यांत वैशाखांतल्या दुपारीं हिंगणघाटची वा देवळीची शेतवाट हेंही एक वाळवंटच असतें.

पुढील आठवड्यांत मी आणि नात त्या आर्वीकडच्या शाळेंत जाणार आहों. सध्यांच्या मुख्याध्यापकांनीं एक तास देऊं केला आहे. फार उशीर झाला आहे, हें मी जाणतों. तरी जाणार आहों.