प्रयोगशाळेची कीर्द



व्यापारी कुटुंबात मुलाने वा मुलीने नोकरीचे नाव काढले की दोन प्रश्न ठरलेले असतात : पगार किती आणि पुढे काय? मालेगावातील आमच्या परिचयाच्या एका कापड व्यापाऱ्यांच्या घरी गतवर्षी त्यांना तिसऱ्या प्रश्नाची जोड मिळाली. त्यांच्या नातीने अमरावती विद्यापीठातून जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. केले आणि पुण्यातील एका संशोधन संस्थेत संशोधन साहाय्यक म्हणून तिची निवड झाली. अभ्यासाचा विषय होता मेंदूतील पेशी हळूहळू नष्ट करणारे आजार. आजोबांनी मला दुकानावर बोलावून घेतले. गादीवर बसवून म्हणाले, "साहेब, पगाराचे, बढतीचे तुम्ही सांगालच. पण तिथे माशा आणि उंदीर मारतात म्हणे. माशी झाली तरी चतुरिंद्रिय जीव. आपल्या घरातल्या मुलीने हे काम करावे का?"

हा प्रश्न उद्या आपल्यापैकी कोणाच्याही घरी येऊ शकतो. म्हणून या वेळचे सदर त्यासाठीच ठेवले आहे.

प्रथम आजाराविषयी. बँकेत असताना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी निवृत्तिवेतनधारक येत. त्यांतील काहींची सही दरवर्षी लहान होत जाई. अक्षरे आक्रसत, एकमेकांत शिरत आणि एके वर्षी ती नमुना स्वाक्षरीशी जुळेनाशी होई. मग नियमाप्रमाणे साक्षीदारांसमोर अंगठा घ्यावा लागे. आयुष्यभर सही केलेला माणूस शाईच्या पॅडकडे बोट नेताना खाली पाहत असे. अक्षर असे आक्रसत जाणे हे कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनच्या आजाराचे, एक ओळखीचे लक्षण आहे. या आजाराचे सविस्तर वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये केले. मेंदूच्या तळाशी डोपामिन नावाचे रसायन तयार करणाऱ्या चेतापेशींचा एक लहानसा समूह असतो. तो क्षीण होत जातो. हात थरथरू लागेपर्यंत त्यांतील निम्म्याहून अधिक पेशी गेलेल्या असतात. अल्झायमरमध्ये स्मरणाचा ऱ्हास होतो, तर एएलएस या आजारात स्नायूंना चालना देणाऱ्या पेशी मरतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे अंदाजे ८८ लाख ज्येष्ठांना, स्मृतिभ्रंश आहे. गेलेली चेतापेशी परत आणणारे औषध आज कोठेही उपलब्ध नाही. आहेत ती औषधे मुख्यतः लक्षणे सुसह्य करतात.

आता कामाविषयी. दिवाळीला ही मुलगी गावी आली तेव्हा मी तिला दिवसाचा क्रम विचारला. तिने सांगितलेला बहुतांश भाग आपल्या पेढीवर शोभावा असाच होता. सकाळी प्रथम तापमानाची नोंद : पेशी वाढवण्याची पेटी ३७ अंशांवर आहे का, नमुने ठेवण्याचे शीतकपाट उणे ८० अंशांवर आहे का. नंतर पिपेट नावाच्या उपकरणाने मिलिलिटरच्या हजाराव्या भागापर्यंत द्रव मोजणे, शेकडो कुप्यांवर क्रमांक घालणे, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजणे. अनेकदा कुप्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक असतो. कोणती कुपी रोगाची आणि कोणती निरोगी, हे मोजणाऱ्याला मुद्दाम कळू देत नाहीत, कारण मनात अपेक्षा असली की डोळा तिच्याच बाजूने मोजतो.

आणि सर्वांत महत्त्वाची ती वही. तिच्या पानांना क्रमांक असतात. पान फाडायचे नाही. लिहायचे ते शाईने. चूक झाली तर एका रेघेने खोडायचे, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, आणि शेजारी दिनांक व सही करायची. प्रयोग फसला तरी तो लिहायचाच. हे ऐकून आजोबा प्रथमच हसले. "ही तर कीर्द झाली," ते म्हणाले. ती कीर्दच आहे. संशोधन साहाय्यक हा मूळ शोधाचा मालक नसतो. शास्त्रज्ञ जो निष्कर्ष मांडतो, त्याखालची रोजची नोंद तो ठेवतो. कीर्द खोटी असेल तर ताळेबंद कितीही देखणा असला तरी व्यर्थ असतो, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवायला नको.

पगाराचा हिशेब सरळ आहे. नेट परीक्षा उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि नियमानुसार घरभाडे मिळते. दोन वर्षांनंतर, कामाचे मूल्यमापन होऊन, ती ४२,००० होते. केवळ प्रकल्पापुरती नेमणूक असेल तर रक्कम सहसा याहून कमी असते आणि प्रकल्प संपला की नेमणूकही संपते. भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन यांची अपेक्षा धरू नये. पुढे पीएच.डी. केली तर अध्यापन आणि संशोधनाची दारे उघडतात. न केली तरी या हातांना औषधनिर्मिती व रोगनिदानाच्या क्षेत्रात मागणी असते. थोडक्यात, ही बँकेसारखी नोकरी नव्हे. तिच्याकडे शिकाऊ उमेदवारी म्हणून पाहावे.

"पण यातून निघते काय?" हा आजोबांचा पुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर आपल्या शिवारातच उगवते. कुंपणावर चढणारी आणि हात लागला की अंगाची आग करणारी खाजकुयली आपण सारे ओळखतो. १९३७ मध्ये मद्रास येथील दामोदरन आणि रामस्वामी या दोन संशोधकांनी तिच्या बियांतून एल-डोपा हे द्रव्य वेगळे काढल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्या वेळी कंपवाताशी त्याचा काही संबंध आहे हे जगात कोणालाच ठाऊक नव्हते. वीस वर्षांनी, १९५७ मध्ये, स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. हे औषध सर्पगंधेतून निघते. ससे निश्चल झाले. एल-डोपा टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. १९६० मध्ये व्हिएन्नात हॉर्निकिविच यांनी कंपवाताने निवर्तलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले आणि त्यांत डोपामिन फारच कमी उरल्याचे दाखवले. १९६७ मध्ये अमेरिकेत कोट्झियस यांनी एल-डोपाची योग्य मात्रा तोंडावाटे देण्याची पद्धत बसवली. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. एल-डोपा आजही कंपवाताचे प्रमुख औषध आहे. मद्रासच्या त्या नोंदीला फळ येण्यास तीस वर्षे लागली. ती नीट लिहिलेली होती म्हणूनच आले. (या बिया कोणी स्वतःच्या मनाने खाऊ नयेत. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.)

राहिला तिसरा प्रश्न, आणि तोच खरा कठीण. फळमाशी प्रयोगाला निवडतात याला कारणे आहेत. तिची पिढी दहा-बारा दिवसांत तयार होते, आयुष्य साधारण दोन-अडीच महिन्यांचे असते आणि मानवी रोगांशी संबंधित सुमारे तीन-चतुर्थांश जनुकांची प्रतिरूपे तिच्यात आढळतात. एएलएसचा एक प्रकार घडवणारा जनुकातील बदल २००४ मध्ये ब्राझीलमधील कुटुंबांत सापडला. तोच बदल फळमाशीत घडवून पुण्याच्या आयसर या संस्थेत त्याचा अभ्यास झाला आहे. अशा अभ्यासांत पुष्कळदा नळीला टिचकी देऊन किती माशा वर चढतात हे मोजतात. आजारी माशा खालीच राहतात. प्रयोग संपल्यावर माशा मारल्या जातात, हे लपवण्यात अर्थ नाही. उंदरांसारख्या प्राण्यांसाठी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, नोंदणी आणि संस्थेतील नैतिकता समितीची परवानगी आहे. माशांना व्यवहारात तेवढेही संरक्षण नाही. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या इंग्रज अभ्यासकांनी तीन तत्त्वे मांडली : प्राण्याऐवजी दुसरा मार्ग असेल तर तो घ्यावा, संख्या कमीत कमी ठेवावी, वेदना कमीत कमी व्हावी. पाश्चात्त्य विज्ञानातही ही बोच आहे, एवढे यावरून दिसते.

मुलीने आपला मार्ग स्वतः काढला. मुलाखतीतच तिने सांगितले की मी माशांचे वा उंदरांचे काम करणार नाही. प्रमुखांनी ते मान्य केले आणि तिला पेशीसंवर्धनाचे काम दिले. घरी सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. महिनाभराने तिनेच आजोबांना फोन करून सांगितले, "बाबाजी, पेशी ज्या द्रवात वाढवतात त्यात न जन्मलेल्या वासराच्या रक्तातील द्रव घालतात. तुम्हाला हे माहीत असावे." त्याविना चालणारे द्रव आता मिळतात, पण ते महाग असतात आणि सर्व पेशींना मानवत नाहीत. कोणत्या पेशींना मानवतात याच्या चाचण्या घेण्याचे काम तिने प्रमुखांकडून मागून घेतले आहे.

आजोबांनी तिला परत बोलावले नाही. त्यांचे म्हणणे मला विचार करण्याजोगे वाटले. ते म्हणाले, "माझी बहीण सहा वर्षे कंपवाताची गोळी घेत होती. त्या गोळीच्या खात्यात ते ससे आहेतच. गोळी घेताना आपण विचारले नाही, आणि मुलगी काम करू म्हणाली तेव्हा विचारतो." श्रावकाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी असे भेद आपण स्वाध्यायात वाचतो. हे काम त्यांतील कोणत्या खान्यात बसते, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. ते साधुजनांना विचारावे. आजोबाही प्रश्न सुटला असे म्हणत नाहीत. मात्र ज्याला हा प्रश्न पडतो असा माणूस प्रयोगशाळेत असणे बरे, एवढे मला वाटते. तेथे कोणी विचारणाराच नसेल, तर महागडा द्रव वापरून पाहण्याचा आग्रह कोण धरणार?

आणखी एक गोष्ट. व्हिएन्नातील तो शोध मृत रुग्णांच्या मेंदूंमुळे लागला. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत १९९५ पासून अशी मेंदूपेढी आहे. कुटुंबीयांच्या संमतीने तेथे मृत्यूनंतर मेंदू जतन करून संशोधनाला दिला जातो. मेंदू काही तासांतच घ्यावा लागत असल्याने मालेगावातून ते सहज शक्य नाही. परंतु आपले अनेक आप्त बंगळुरूत स्थायिक आहेत. नेत्रदानाची परंपरा ज्या समाजात रुजली, त्याला हे दान समजावून सांगणे अवघड जाऊ नये. मानवी ऊती जितकी मिळेल, तितकी काही प्रयोगांत प्राण्यांची गरज कमी होऊ शकते.

तेव्हा घरातील मुलाने किंवा मुलीने असे काम करतो म्हटले, तर नकार वा होकार देण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. मार्गदर्शक कोण आहे आणि त्याच्या हाताखालची मुले पुढे कोठे गेली? नेमणूक किती वर्षांची आणि अधिछात्रवृत्ती वेळेवर मिळते का? शोधनिबंधात साहाय्यकाचे नाव येते का? कोणत्या जीवांवर काय केले जाते आणि त्यातील काय नाकारण्याची मुभा आहे? ही उत्तरे मुलांनाच आणू द्यावीत. ती आणताना ती किती खरी नोंद करतात, यावरूनच या कामाची त्यांची पात्रता आपल्याला समजेल.