शलाका कुणाच्या हाती?

मन शांत असले की माणूस बेड्यांतही मोकळाच, असे वरचेवर ऐकू येते आणि त्याला बुद्धाचे नाव जोडले जाते. आम्हाला हे मान्य नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले होते की, भारताला लोकशाही नवी नाही. ठराव, गणपूर्ती, गुप्त मतदान हे सारे भिक्षुसंघाला ठाऊक होते. विनयपिटकात याचा तपशील आहे. वाद मिटला नाही की काड्या, म्हणजे शलाका, वाटून बहुमत पाहत. मत कधी उघड, कधी कानात सांगून, कधी गुप्तपणे घेत. शलाका वाटणाऱ्याच्या अटींत ज्येष्ठता नाही, विद्वत्ताही नाही. पक्षपात, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा, आणि शलाका कुणी घेतली, कुणी नाही हे नीट जाणणारा भिक्षू हवा, एवढेच. मनाची मोकळीक ही इथे मतदान घेणाऱ्याची पात्रता ठरली आहे! (गुप्त मतदानाचा कौल धम्माविरुद्ध गेला तर तो रद्द करण्याची मुभाही त्याला होती. ती मात्र आज कुठल्याही युनियनने घेऊ नये.)

त्याच विनयात दुसराही नियम आहे. गुलाम, कर्जबाजारी आणि राजाचा सैनिक यांना प्रव्रज्या देऊ नये. मालक, सावकार वा राजा यांची पकड ज्याच्यावर होती, त्याला संघाचे दार बंद. बेड्यांतल्या मोकळेपणाची गोष्ट सांगणाऱ्यांनी हा नियम जरूर वाचावा.

रेल्वेत मान्यतेसाठी २००७, २०१३ आणि डिसेंबर २०२४ मध्ये गुप्त मतदान झाले. हा हक्क लहान नाही. पण मतपत्रिका हातात असताना ज्याला बदली आणि चार्जशीटच दिसते, त्याचे मत गुप्त असूनही मोकळे नाही. पोस्टातल्या बांधवांचे तर वर्गणी-कपातीच्या संमतिपत्रावर चालते. तिथे सही उघडच. अशा माणसाला नुसते ‘निर्भय हो’ म्हणणे ही थट्टा आहे. धमकावणाऱ्याला जाब विचारणारी संघटना त्याच्या पाठीशी आधी उभी हवी.

शाखांच्या निवडणुका जवळ आल्या की मतमोजणीला कुणी बसायचे, यावर सभेत उघड चर्चा व्हावी. आपल्या गटाचा म्हणून कुणाचे नाव सुचवू नये. बऱ्याच शाखांत वर्षानुवर्षे तीच दोन नावे पुढे येतात, हे आम्ही पाहत आहोत.