रेषा कोण ओढतं?

११ मार्च २०११. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आली. फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रात समुद्र घुसला. जनरेटर बुडाले, इंधन थंड ठेवणारे पंप बंद पडले, तीन भट्ट्यांतलं इंधन वितळलं. समुद्रावर ढकलून मोकळं होणं सोपं आहे. पण १५ मीटरहून उंच लाट येऊ शकते, हा आकडा कंपनीच्याच हिशोबात २००८ साली आला होता. तो कागदावरच राहिला. जपानी संसदेच्या चौकशी आयोगाने २०१२ साली साफ लिहिलं : ही आपत्ती मानवनिर्मित आहे.

मित्रांनो, आम्हाला बोलायचंय ते त्या लाटेनंतरच्या दिवसांबद्दल.

सरकारने नकाशावर रेषा ओढल्या. आधी ३ किलोमीटर, मग १०, मग २०. आतल्यांनी निघा. २० ते ३० मधल्यांनी दारं-खिडक्या लावून घरात बसा. पण वारा काय सरकारी वर्तुळं बघून वाहतो? किरणोत्सारी धूळ कुठं जाईल, याचा अंदाज बांधणारी 'स्पीडी' नावाची यंत्रणा सरकारपाशी होती. तिची माहिती १४ मार्चला अमेरिकी लष्कराला मिळाली. जपानी जनतेला ती दिसली २३ मार्चला! तोवर नामिए गावची हजारो माणसं पोरंबाळं घेऊन वायव्येला, त्सुशिमाकडे पळाली होती. ढगही नेमका तिकडंच गेला. त्यांना कुणी सांगितलं नाही. का? तर लोक घाबरतील! लोकांना अडाणी ठरवायचं आणि मग त्यांच्या भल्यासाठी गप्प बसायचं, ही सत्तेची जुनी खोड आहे.

मग दुसरी रेषा ओढली ती थेट माणसाच्या अंगावर. संकटात काम करणाऱ्या कामगाराला १०० मिलिसिव्हर्टची मर्यादा होती. मार्चमध्येच ती २५० झाली. एप्रिलमध्ये फुकुशिमातल्या शाळांसाठी वर्षाला २० मिलिसिव्हर्टचा आकडा आला. एरवी सामान्य माणसाला मर्यादा १ ची. किरणं तीच, पोरं तीच, बदलला फक्त आकडा. मे महिन्यात तिथले आईबाप टोकियोत शिक्षण मंत्रालयावर धडकले, तेव्हा कुठं मंत्रालयाच्या तोंडून १ हा आकडा पुन्हा निघाला. तोही उद्दिष्ट म्हणून.

आणि आत कोण गेलं? कंपनीखाली ठेकेदार, त्याच्याखाली उपठेकेदार, त्याच्याखाली आणखी एक. मजुरी प्रत्येक पायरीवर कापली जाते, किरणं मात्र न कापता तळाला पोचतात. ही उतरंड आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. गटारात कोण उतरतं हे आपल्याला ठाऊक आहे. २०१२ साली उघड झालं की एका ठेकेदाराने कामगारांना किरणं मोजायच्या मीटरवर शिशाचं झाकण लावायला लावलं होतं. म्हणजे आकडा कमी दिसेल, काम जास्त दिवस करून घेता येईल. मीटर झाकलं, माणूस उघडाच.

या केंद्राची वीज जायची टोकियो आणि आसपासच्या शहरांना. फुकुशिमा म्हणजे टोकियोचं गावकुसाबाहेर. उजेड आत, राख बाहेर. दीडेक लाख माणसांना घरदार सोडावं लागलं. जबाबदार कोण? जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, भरपाईची जबाबदारी सरकारवर नाही. मार्च २०२५ मध्ये कंपनीच्या दोन माजी अधिकाऱ्यांची निर्दोष सुटका कायम झाली. आपत्ती मानवनिर्मित, पण गुन्हेगार माणूस एकही नाही!

जपान लांब आहे म्हणून हसू नका. आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या. फुकुशिमातल्या पहिल्या भट्टीसारख्याच जनरल इलेक्ट्रिकच्या, त्याच जातीच्या. तिथंच पुढच्या दोन भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली. अणुवीज हवी की नको, यावर भांडू. पण त्याआधी एवढं तरी मागू : किरणांचे आकडे रोजच्या रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, मराठीत लागले पाहिजेत. पळायचं कुठं, ते वाऱ्याच्या प्रत्येक दिशेसाठी गावाला आधीच माहीत पाहिजे. ठेकेदाराच्या मजुराचं किरणांचं पुस्तक त्याच्या स्वतःच्या हातात पाहिजे.

आजवर रेषा त्यांनी ओढल्या आणि बाहेर आपण राहिलो. पुढची रेषा ओढताना खडू कुणाच्या हातात आहे, ते बघा. आणि तो हात धरा.