वरणावर खापर

परवा माझ्या मावसभावाने ऑफिसच्या चेकअपमध्ये रक्त तपासून घेतलं. युरिक ॲसिड ७.४. दुखणं-खुपणं काही नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्या घरात तुरीची डाळ बंद! पालक बंद, टोमॅटो बंद, मटकीची उसळसुद्धा बंद. वहिनीचा फोन आला, "भाऊजी, तुम्हाला पण आहे ना हे? तुम्ही काय खाता?" मी म्हटलं, "वरणभात." पलीकडे शांतता. एवढं सगळं फोनवर सांगता येत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी माझी कहाणी. २०२२ सालची गटारी. मटण, वजडी आणि तीन-चार बाटल्या बियर. दुसऱ्या दिवशी काही नाही. त्यानंतरच्या रात्री दोन वाजता उजव्या पायाच्या अंगठ्याने उठवलं. अंगठा लालभडक, टम्म सुजलेला, आणि त्यावर चादरीचं टोक टेकलं तरी जीव जाईल असं वाटावं अशी कळ. आमची ही घाबरून उठली, तिला वाटलं विंचू चावला. मला मात्र काय झालंय ते कळलं होतं. हे दुखणं मी लहानपणापासून घरात पाहिलं होतं.

बाबांना पहिला झटका आला १९९४ साली, चिपळूणला असताना. डॉक्टरांनी रोज घ्यायची एक गोळी दिली. महिना झाला नाही तोच दुसरा झटका आला, पहिल्यापेक्षा जोरात. बाबा म्हणाले, "ही गोळीच मला बाधते." दिली फेकून. आता मला माहीत आहे की ही गोळी सुरू केल्यावर पहिले काही महिने असं होऊ शकतं. रक्तातलं प्रमाण उतरायला लागलं की सांध्यात वर्षानुवर्षं साचलेले सुईसारखे स्फटिक सुटायला लागतात आणि त्याने सूज भडकते. म्हणून हल्ली मोठी गोळी कमी मात्रेत सुरू करतात आणि झटका टाळायला सोबत दुसरं औषध देतात. पण हे बाबांना कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर आमच्या कुणाच्या डोक्यात शिरलं नाही.

गोळी गेली आणि तिच्या जागी पथ्य आलं. कुणीतरी सांगितलं डाळ वाईट. झालं! पुढची जवळजवळ अठरा वर्षं बाबांनी वरण, आमटी, उसळ यांना हात लावला नाही. भाकरी, दुधी, पडवळ आणि दिवसाला सहा कप गोडमिट्ट चहा. शिवाय एकादशीला निर्जळी उपवास, "शरीर शुद्ध होतं" म्हणून. दुखलं की मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणायच्या, थांबलं की बंद. हळूहळू बोटांच्या पेरांवर, कोपरावर, कानाच्या पाळीवर गाठी आल्या. एक गाठ फुटली तेव्हा आतून खडूच्या भुकटीसारखं पांढरं निघालं. शेवटी शेवटी सदऱ्याची बटणं आई लावून द्यायची. मग मूतखडे, मग मूत्रपिंडं. २०१२ साली गेले. आणि अजूनही आमच्या नातेवाइकांत त्यांचं कौतुक होतं, की काय कडक पथ्य पाळलं हो या माणसाने! मला ते ऐकवत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की आपण डाळीला उगाच गुन्हेगार ठरवलंय. युरिक ॲसिड प्युरीनपासून बनतं हे खरं, पण त्यातला साधारण दोन तृतीयांश भाग आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून येतो, ताटातून येतो तो एक तृतीयांश. बहुतेक लोकांची अडचण मूत्रपिंडं ते पुरेसं बाहेर टाकत नाहीत ही असते, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा. २००४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ४७ हजारांहून जास्त पुरुषांचा १२ वर्षं पाठपुरावा केला होता. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांना गाऊट जास्त झाला. डाळी, पालक अशा प्युरीनवाल्या भाज्या खाणाऱ्यांत तसं काही दिसलं नाही. दूध-दही खाणाऱ्यांत उलट कमीच. म्हणजे ताकभात आणि वरणभात दोन्ही सुटले! (मूत्रपिंडांचा आजार असेल तर गोष्ट वेगळी. तिथे डाळ किती आणि पाणी किती हे डॉक्टरच सांगणार.)

मग सोडायचं काय? बियर. कुठलीही दारू वाईटच, पण बियर सगळ्यात वाईट, कारण तिच्यात प्युरीनही असतं. काळीज, वजडी, सुकट, तारली. हे लिहिताना कोकणी माणसाच्या बोटांना कंप सुटतो, पण इलाज नाही. आणि ज्याच्याकडे कुणी बघतच नाही ती साखर. कोल्ड्रिंक, डब्यातले रस, गोड सरबतं. साखरेतला फ्रुक्टोज शरीरात जिरताना युरिक ॲसिड तयार होतं. डाळीला घाबरणारी माणसं जेवणावर कोल्ड्रिंकची बाटली रिकामी करतात तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही.

वजन हा दुसरा भाग. मी ८६ वरून ७९ वर आलो, पण त्याला चौदा महिने लागले. घाई केली नाही, कारण कडक उपासाने युरिक ॲसिड उलट चढतं. बाबांची निर्जळी एकादशी आठवा. रोज तासभर चालणं, पाण्याची बाटली कायम हाताशी, रात्रीचं जेवण आठला. बियर शून्य. हे सगळं इमानेइतबारे केलं.

फळ? ९.१ वरून ७.९. बस्स. आणि त्या चौदा महिन्यांत आणखी दोन झटके. माझी समजूत होती की पथ्य कडक पाळलं की गोळी टळेल. (बाबांचाच मुलगा!) डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की ६.८ च्या वर युरिक ॲसिड रक्तात नीट विरघळून राहत नाही, म्हणून तुम्हाला सहाच्या खाली जायचंय, आणि पथ्याने साधारण एखादा अंक उतरतो, तो तुमचा उतरला. पुढचं काम गोळीचं. तीच गोळी निघाली, बाबांनी फेकलेली! ॲलोप्युरिनॉल. अमेरिकेत १९६६ पासून वापरात आहे, आणि ती शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ साली नोबेल मिळालं. म्हणजे बाबांच्या हातात ती आली तेव्हा काही नवीन प्रकार नव्हता. अंगावर पुरळ आलं तर लगेच थांबवून या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तसं काही झालं नाही. दुसऱ्या महिन्यात अंगठा ठणकला, मी गोळी चालू ठेवली. आता ५.४ आहे.

तर दादा, तुझ्या ७.४ बद्दल. कधीच दुखलं नसेल तर नुसत्या आकड्यासाठी बहुधा गोळी देत नाहीत. पण तुझी बीपीची गोळी कुठली आहे ते डॉक्टरांना दाखव. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी युरिक ॲसिड वाढतं. स्वतःहून मात्र बंद करू नकोस, ती चूक आपल्या घराण्यात एकदा झाली आहे. शनिवारची ती बाटली सोड. आणि वहिनी, डाळीचा डबा परत खालच्या फळीवर ठेवा. पुढच्या रविवारी मी जेवायला येतोय, आंबट वरण करा.